झपाटलेला किल्ला

झपाटलेला किल्ला : कल्पित साहित्यातील, विशेषतः गॉथिक कादंबरी व तिच्यातून पुढे विकसित झालेली अद्‌भुतरम्य कथा यांतील एक प्रमुख आशयसूत्र. धनी नष्ट वा परागंदा झालेला, रहिवाशांनी सोडून दिलेला आणि मृतांचा वावर असलेला जुना दुर्ग हे त्याचे बाह्य रूप होय. अशा कथांत भूत हे भयाचे दृश्य कारण असले, तरी त्यांच्या मुळाशी बहुधा वेगळाच प्रश्न असतो आणि तो म्हणजे, हा किल्ला खरा कोणाचा? वारसाहक्काचा अपहार, गुप्तपणे केलेला वध, संस्काराविना राहिलेले प्रेत अशा एखाद्या न मिटलेल्या प्रकरणामुळे वास्तू झपाटली जाते. ते मिटले, की ती मोकळी तरी होते किंवा कोसळते तरी.

या सूत्राची पूर्वरूपे प्राचीन आहेत. रोमन लेखक धाकटा प्लिनी (सु. ६१–सु. ११३) याने एका पत्रात अथेन्समधील एका ओस पडलेल्या घराची हकिकत सांगितली आहे. साखळदंडांच्या आवाजामुळे त्या घरात कोणी टिकत नसे. भाडे फारच कमी आहे, याचाच संशय येऊन अथेनोडोरस या तत्त्वज्ञाने ते मुद्दाम घेतले. रात्री पिशाच समोर उभे राहून खुणावू लागले, तेव्हा त्याने हातानेच थांबण्याची खूण केली व लेखन चालू ठेवले. नंतर पिशाच जेथे अदृश्य झाले, तेथे खणल्यावर साखळ्यांत अडकलेली हाडे सापडली. त्यांचे रीतसर दफन होताच उपद्रव थांबला. मध्ययुगीन रोमान्समध्ये भुताऐवजी मंत्रसामर्थ्य येते. क्रेत्यँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील काव्यात पर्सव्हाल हा तरुण सरदार एका किल्ल्यात रक्त ठिबकणारा भाला पाहतो, पण त्याविषयी विचारावयाचे टाळतो. सकाळी जागा होतो, तो किल्ला निर्मनुष्य झालेला असतो.

आधुनिक साहित्यात हे सूत्र रूढ केले, ते इंग्रज लेखक होरेस वॉल्‌पोल (१७१७–९७) याने. टेम्स नदीकाठच्या ट्विकनम येथील आपल्या साध्या घराला त्याने वर्षानुवर्षे बांधकाम करून गॉथिक शैलीचे रूप दिले होते. जून १७६४ मध्ये त्याला स्वप्न पडले, की एका जुन्या किल्ल्याच्या भव्य जिन्याच्या कठड्यावर चिलखतातील एक प्रचंड हात ठेवलेला आहे. त्या स्वप्नातून द कॅसल ऑफ ओट्रँटो (१७६४, म. शी. ओट्रँटोचा किल्ला) ही कादंबरी निर्माण झाली. पहिल्या आवृत्तीत तिच्यावर वॉल्‌पोलचे नाव नव्हते. १५२९ मध्ये नेपल्स येथे छापलेल्या एका इटालियन ग्रंथाचा अनुवाद म्हणून ती प्रसिद्ध झाली. पूर्वजांच्या पापांची फळे वंशजांना भोगावी लागतात, यापेक्षा अधिक उपयुक्त बोध मूळ लेखकाने निवडावयास हवा होता, अशी तक्रारही या कल्पित अनुवादकाने प्रस्तावनेत केली आहे. हे सोंग त्याने दुसऱ्या आवृत्तीत (१७६५) उघड केले. कादंबरीच्या आरंभीच मॅनफ्रेड राजाचा मुलगा ऐन विवाहाच्या दिवशी आकाशातून पडलेल्या अजस्र शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. मॅनफ्रेडच्या आजोबाने आपला धनी आल्फोन्सो याला विष घालून व खोटे मृत्युपत्र पुढे करून हे राज्य बळकावलेले असते. मेलेल्या धन्याची आकृती किल्ल्याच्या आत वाढत जाते व अखेरीस भिंती पाडून बाहेर पडते. तथापि कथा येथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनफ्रेड राज्यत्यागाच्या लेखावर सही करतो आणि मगच खऱ्या वारसाचा हक्क सिद्ध होतो. ओट्रँटो हे नाव वॉल्‌पोलने नकाशातून केवळ नादमधुर म्हणून उचलले होते. दक्षिण इटलीतील त्या गावी खरोखरच एक किल्ला आहे, हे त्यास नंतर कळले. त्याचे चित्रही त्याला १७८६ मध्ये भेट म्हणून मिळाले.

वॉल्‌पोलच्या काळातील इंग्रजांना ही प्रतिमा एवढी जवळची का वाटली, याचे उत्तर काही अंशी विधिशास्त्रात मिळते. विल्यम ब्लॅकस्टन (१७२३–८०) याने इंग्रजी कायद्यावरील आपल्या भाष्यग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१७६८) त्या कायद्याला, नव्या रहिवाशासाठी सोयीचा करून घेतलेल्या एका जुन्या गॉथिक किल्ल्याची उपमा दिली आहे. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडानुसार (१७६५) विवाहानंतर पती व पत्नी ही कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती ठरत. ॲन रॅडक्लिफ (१७६४–१८२३) हिच्या द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो (१७९४, म. शी. उडॉल्फोची रहस्ये) या कादंबरीतील भय या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. ॲपेनाइन पर्वतातील अर्धवट पडक्या किल्ल्यात माँटोनी हा आपल्या पत्नीला कोंडून ठेवतो, तो तिने स्वतःची मालमत्ता त्याच्या नावे करून द्यावी म्हणून. सही न करताच ती मरण पावते. नंतर तोच दबाव तिची अनाथ भाची एमिली हिच्यावर येतो. काळ्या पडद्यामागील वस्तू पाहून एमिली मूर्च्छित होते खरी. पण ती मेणाची प्रतिमा होती, असा उलगडा शेवटी होतो. दुसऱ्या एका वास्तूतील बंद दालनांत भुतांचा वावर असल्याची समजूत, लुटीचा माल तेथे दडविणाऱ्या चाच्यांनीच टिकवून ठेवलेली असते. असे सर्व अद्‌भुत प्रकार रॅडक्लिफ उलगडून दाखविते. कागदावरील सहीचे भय मात्र तिला उलगडावे लागत नाही, कारण ते मुळातच वास्तव असते. जेन ऑस्टिनने नॉर्थँगर ॲबी (१८१७) या कादंबरीत या प्रकाराची खेळकर थट्टा केली. तिच्या नायिकेला जुन्या कपाटात सापडलेले गूढ हस्तलिखित म्हणजे धोब्याची यादी निघते.

एकोणिसाव्या शतकात किल्ला व त्यातील कुटुंब यांची एकरूपता अधिक गडद झाली. एडगर ॲलन पो याच्या ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ (१८३९) या कथेत ‘हाउस’ या एकाच शब्दाने वाडा व घराणे या दोहोंचा निर्देश होतो. मराठीतील ‘घर बुडाले’ या प्रयोगात हीच संदिग्धता आहे. ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युला (१८९७) मधील किल्ल्याचा ओसाडपणा अगदी घरगुती तपशिलातून जाणवतो : उमराव स्वतःच पाहुण्याचे अंथरूण घालताना दिसतो आणि येथे एकही नोकर नाही, हे त्या पाहुण्याच्या ध्यानात येते.

भारतीय परंपरेत याला समांतर अशी कल्पना ‘तिलिस्म’ची होय. तिलिस्म-ए-होशरुबा ही उर्दू दास्तान लखनौच्या नवल किशोर मुद्रणालयाने १८८३ पासून खंडशः प्रसिद्ध केली. देवकीनंदन खत्री यांच्या चंद्रकांता (१८८८) या हिंदी कादंबरीत चुनारगढच्या परिसरातील ओसाड अवशेषांत असे तिलिस्म आहे. ते कोणालाही फोडता येत नाही. ज्याच्यासाठी ते राखून ठेवलेले आहे, त्यालाच ते खुले होते. म्हणजे येथेही योग्य वारसाचीच प्रतीक्षा आहे. त्यातील चमत्कारांचा उलगडा खत्री यंत्रे व रसायने यांच्या साहाय्याने करतात. मराठी भयकथेने मात्र किल्ल्यापेक्षा वाड्याला जवळ केले. महाराष्ट्रातील डोंगरी किल्ल्यांशी पराक्रमाच्या स्मृती फार घट्ट निगडित आहेत, हे याचे कारण असू शकेल. लोकसमजुतीत या सूत्राशी तंतोतंत जुळणारी वास्तू म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे नारायणराव पेशव्यांचा गारद्यांकडून वध झाला. १८२८ च्या आगीत वाड्याचा अंतर्भाग नष्ट झाला. पौर्णिमेच्या रात्री तेथे ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही आख्यायिका त्यानंतरही टिकून राहिली. येथेही गादीचाच वाद होता.

विसाव्या शतकातील अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांत हा किल्ला पूर्णतः कल्पित जगात गेला, तेव्हा एक अडचण उभी राहिली. ज्या जगात मृतांचे पुनरागमन हा सृष्टीनियमांचाच भाग असू शकतो, तेथे भूत खरे की भास, या शंकेतून निर्माण होणारे भय उरत नाही. मर्व्हिन पीक (१९११–६८) याने टायटस ग्रोन (१९४६) व गॉर्मेनघास्ट (१९५०) या कादंबऱ्यांत भूत अजिबात वगळले. त्याचा अफाट, बहुतांशी रिकामा किल्ला अर्थ हरवलेल्या विधींनी झपाटलेला आहे. जे. आर्. आर्. टोल्कीन (१८९२–१९७३) याच्या द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) मधील मिनास इथिल हा मूळचा चंद्राचा मनोरा शत्रूच्या प्रेतवत सेवकांनी जिंकून मिनास मॉर्गुल बनविलेला असतो. येथे ओट्रँटोचा संकेत उलटतो. खरा वारस परत येतो, विजयी होतो आणि तरीही वाडवडिलांची ती वास्तू पाडून टाकण्याचे ठरवितो. कारण ती भूमी शुद्ध झाली, तरी दीर्घकाळ तेथे कोणी राहू शकणार नसते.

अमेरिकन लेखक जॉर्ज आर्. आर्. मार्टिन (१९४८– ) याचा हॅरनहॉल हा किल्ला या बाबतीत सर्वांत उल्लेखनीय म्हणावा लागेल. अ क्लॅश ऑफ किंग्ज (१९९८) या कादंबरीत त्याचे सविस्तर दर्शन घडते. काळा हॅरन या राजाने तो चाळीस वर्षे बांधविला; त्यासाठी प्राचीन पवित्र वृक्ष तोडले व हजारो बंदी राबवून मारले. तो पुरा झाला, त्याच दिवशी परका विजेता त्या भूमीवर उतरला. पुढे ड्रॅगनच्या अग्नीत दगडी मनोरे मेणासारखे वितळले आणि हॅरन आपल्या पुत्रांसह आतच जळून मेला. त्यानंतर हा किल्ला ज्या ज्या घराण्याला मिळाला, ते ते निर्वंश झाले. वारसाचा शोध येथे व्यर्थ आहे, कारण योग्य म्हणावा असा धनी या किल्ल्याला मुळात कधी नव्हताच. मार्टिन त्यातील भुते प्रत्यक्ष कोठेच दाखवीत नाही. युद्धकैद्यांबरोबर तेथे राबावयास आणलेली एक सरदारकन्या आपले नाव लपवून पायऱ्या घासते, काही माणसांच्या मृत्यूस कारण होते आणि हॅरनहॉलचे भूत ते मीच, असे मनाशी म्हणते.