तान्ह्या बाळाचे रडणे आणि आपले हात

आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून आहोत. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण घरचेच आहे. आमची मुलगी दोन महिन्यांची असताना एका रात्री तिचे रडणे काही केल्या थांबेना. दूध पाजून झाले, लंगोट बदलून झाला, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या झाल्या. सकाळी काउंटरवर बसायचे होते. आम्ही तिला काखेत धरून समोर उचलले व ‘गप्प!’ म्हणून ओरडलो. आमची पकड एवढी आवळली होती की पत्नीने तिला हिसकावूनच घेतले. त्या रात्री काय होऊ शकले असते, ते फार पुढे वाचनात आले.

त्यास ‘शेकन बेबी सिंड्रोम’ म्हणतात. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड, आणि मान दुबळी. रागाने गदागदा हलविले म्हणजे डोके पुढे-मागे आदळते, मेंदूवरील बारीक रक्तवाहिन्या तुटतात, मेंदूला सूज येते. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. इंग्लंडमधील शल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी 1971 साली हा धोका प्रथम मांडला. यातून अंधत्व, फिट्स, मतिमंदत्व, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. पाळण्याच्या झोक्याने किंवा मांडीवर थोपटल्याने मात्र असे होत नाही. आज्यांनी उगाच घाबरू नये.

रडणे साधारण दुसऱ्या महिन्यात सर्वात जास्त असते. निरोगी मूलही तासन्‌तास रडते, त्यात आईचा दोष नसतो. ताप, उलट्या असतील तर डॉक्टरांना दाखवावे. तसे काही नसेल आणि आपला संयम सुटत असेल, तर बाळाला सुरक्षित जागी उताणे निजवावे आणि सरळ खोलीबाहेर जावे. पाच-दहा मिनिटांनी येऊन पाहावे. शेजारच्या वहिनींना हाक मारण्यात कमीपणा कसला? रडण्याने बाळाला इजा होत नाही, हलविण्याने होते. बाळ ज्यांच्या हाती सोपवतो त्या सर्वांना, विशेषतः घरातील पुरुषांना, हे आधीच सांगून ठेवावे.

आणि हातून घडलेच तर? बाळ सुस्त पडले, दूध ओढेना, उलट्या झाल्या, झटके आले, श्वास अडखळला तर झोप लागली असे समजून थांबू नये. जागे करण्यासाठी पुन्हा हलवू नये. 108 ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि ‘बाळाला हलविले होते’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लाजेपोटी ‘खाटेवरून पडले’ असे सांगण्यात उपचाराचा वेळ जातो. मात्र मेंदूतील रक्तस्रावाला दुसरीही कारणे असतात. उतारवयात खुद्द गथकेल्च यांनीच घाईच्या निदानाविषयी काळजी व्यक्त केली होती. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी न्यायाधीश होऊ नये, तपासणी डॉक्टरांनाच करू द्यावी.

आमच्या मुलीचे रडणे चौथ्या महिन्यात आपोआप ओसरले. आम्ही त्यासाठी काहीच केले नव्हते.