पत्त्याची पत

आमच्या दवाखान्यातून पालकांना लसीकरणाची आठवण ई-मेलने जाते. त्याच पत्त्यावरून आम्ही सणांच्या शुभेच्छा आणि शिबिरांच्या जाहिरातीही पाठवू लागलो. कंटाळलेल्या पालकांनी त्यांवर ‘स्पॅम’चा शिक्का मारला. परिणामी गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या मात्रेची आठवणही त्याच कप्प्यात पडली. एक बाळ ३ महिने उशिरा आले.

वाचकांच्या अशा तक्रारींवरूनही ई-मेल यंत्रणा प्रेषकाची पत ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलच्या नियमानुसार तक्रारींचे प्रमाण हजारी ३ च्या आत राखावे लागते.

आता आम्ही आधी संमती घेतो, मोजकेच लिहितो आणि नको म्हणणाऱ्यास तत्काळ वगळतो. वैद्याच्या शब्दाला वजन येते ते मितभाषणाने. त्याच्या पत्रालाही तोच न्याय.