फ्रिजवर महिनाभर राहिलेली जाहिरात

रमजानचा चांद दिसायच्या आठवडाभर आधी आपल्या प्रत्येकाच्या घरी एक कागद येतो. सहेरी-इफ्तारचा तक्ता. वर मशिदीचे चित्र, मध्ये तीस ओळी, खाली एखाद्या किराणा दुकानाचे नाहीतर मेडिकलवाल्याचे नाव. तो कागद आपण फेकत नाही. फ्रिजवर चिकटवतो, दिवसातून दोनदा तरी पाहतो आणि ईद झाल्यावरच काढतो. दुकानदाराचे नाव तोवर घरातल्या लहान मुलालाही पाठ झालेले असते.

ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली ती शेजारच्या भाभींमुळे. कर्जतला आमच्या गल्लीतच त्या कपडे शिवतात. शौहरच्या इंतकालनंतर घर त्यांच्या मशीनवर चालते. गेल्या वर्षी त्यांनी भावाकडून उसने पैसे घेऊन ओव्हरलॉक मशीन आणली. ईदपर्यंत निम्मे पैसे परत करायचा शब्द दिला होता. कामे वाढावीत म्हणून एक हजार गुळगुळीत रंगीत पत्रके छापली आणि पेपरवाल्याला देऊन वर्तमानपत्रातून वाटली. फोन आले दोन. त्यातला एक विचारत होता, पडदे शिवता का?

भाभी पत्रक घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “बाजी, तुम्ही मुलांचे पेपर तपासता, आता हा माझा पेपर तपासा. नापास का झाला ते सांगा.”

चूक कुठे झाली?

पत्रकात दर नव्हता, शिवून कधी मिळेल ते नव्हते आणि घर शोधायची खूण नव्हती. शिवाय ते गेले कुठे? कर्जतला नव्या इमारतींतली कितीतरी घरे शनिवार-रविवारची आहेत. एरवी दाराला कुलूप. नोकरदार माणूस पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. त्याच्या पेपरातून पडलेले पत्रक दुपारपर्यंत डब्याखाली अंथरले जाते.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. आम्ही विचारले, “भाभी, दिवसाला किती ड्रेस होतात?” त्या म्हणाल्या, “तीन. लाइट गेली नाही तर.” म्हणजे ईदच्या आधीच्या वीस दिवसांत साठ. मग हजार घरांना बोलावून करायचे काय? ईदच्या आदल्या रात्री “उद्या सकाळी देते” असे सांगणाऱ्या शिंप्याचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. जाहिरात आपल्या हातांच्या मापाने करावी, हा आमचा पहिला धडा.

पत्ते कुठून आणायचे?

आमच्या शाळेच्या रजिस्टरात शेकडो पालकांचे पत्ते आहेत. मोह झाला, खोटे कशाला बोलू! पण पालकांनी ते शाळेला विश्वासाने दिलेले आहेत. धंद्यासाठी वापरणे म्हणजे अमानतीत खयानत. तो विषय तिथेच संपवला.

खरा खजिना भाभींच्याच घरी होता. मापांची वही. तीन वर्षांतली बासष्ट नावे. ज्यांनी एकदा कपडे शिवून घेतले आणि तक्रार केली नाही, त्यांना पुन्हा बोलावणे सर्वांत सोपे. मग हाताने नकाशा काढला. ड्रेससाठी बाईला दोनदा यावे लागते, मापाला आणि घालून बघायला. म्हणून चालत येता येईल असाच भाग धरला. आपला मोहल्ला, मुद्रे आणि उल्हास नदीपलीकडचे दहिवली. खोपोलीची घरे सोडणार होतो, पण भाभींची बहीण लौजीला राहते. दर रविवारी गाडीने तिच्याकडे जाऊन मापे घ्यायची असे ठरले, म्हणून तिच्या आसपासची चाळीस घरे धरली. एकूण तीनशे.

दोन मिनिटांची किंमत

या तीनशे घरांसाठी सहेरी-इफ्तारचा तक्ता छापायचा आणि खाली भाभींची माहिती द्यायची, असे ठरले. इथे आमच्या हातून चूक झाली. मुंबईचा एक तक्ता मिळाला, तोच उतरवून छापायला दिला. तीनशे प्रती हातात आल्यावर एक प्रत मशिदीत नेली. इमामसाहेबांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, “ये तो बंबई का टाइम है.”

कर्जत मुंबईच्या साधारण अर्धा अंश पूर्वेला आहे. एका अंशाला सूर्याची चार मिनिटे, म्हणजे आपल्याकडे वेळ सुमारे दोन मिनिटे आधी होते. इफ्तार दोन मिनिटे उशिरा झाली तर रोजाला बाध नाही. पण मुंबईच्या वेळेवर शेवटच्या क्षणापर्यंत पाणी पिणाऱ्याची सहेरी इथली वेळ संपल्यावर होणार. भूगोलाच्या पुस्तकात हे आम्ही दरवर्षी शिकवतो! तो गठ्ठा रद्दीत गेला. दुसरी छपाई आमच्या खर्चाने केली, मशिदीकडून स्थानिक वेळा लिहून घेऊन. जो कागद लोक विश्वासाने भिंतीवर लावणार, त्यातला प्रत्येक आकडा तपासायलाच हवा.

खाली चारच ओळी ठेवल्या, मराठीत आणि उर्दूत. साध्या पंजाबी ड्रेसची शिलाई, मुलींच्या फ्रॉकची शिलाई, घराची खूण आणि “ईदचे कपडे पंधराव्या रोजापर्यंतच घेतले जातील.”

कागद घरी कसा पोचला?

जवळच्या घरी भाभी आणि त्यांची मुलगी स्वतः गेल्या, रविवारी असरनंतर, माणसे घरी असताना. लांबच्या जुन्या गिऱ्हाइकांना आम्ही पोस्टकार्डे लिहिली. साधे पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळते. छापील मजकुराच्या कार्डाला दर जास्त, म्हणून सगळी हाताने. “मागच्या वेळी शिवलेला हिरवा ड्रेस कसा झाला?” अशी सुरुवात असलेले कार्ड कोण फेकेल?

पत्त्यावर पिनकोड नीट घातला. कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३, नेरळ ४१०१०१. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले, संस्कृतचे मोठे विद्वान. पुढे धंदा वाढला तर टपाल खात्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ सेवाही आहे. तिच्यात नाव-पत्ता न लिहिता पोस्टमन ठरलेल्या भागात घरोघरी पत्रके देतो. पण ती हजारांच्या हिशेबाची. दर आणि अटी मोठ्या पोस्टात विचारून घ्याव्यात.

प्रत्येक भागाच्या कागदावर कोपऱ्यात पेनने खूण केली होती. मोहल्ल्याला एक टिंब, दहिवलीला दोन, लौजीला तीन. येणाऱ्या बाईला भाभी एवढेच विचारत, “तक्त्यावर टिंबे किती?”

हिशेब

ईदपर्यंत चोपन्न ड्रेस झाले. त्यातले एकवीस पोस्टकार्डवाल्या जुन्या घरांचे, म्हणजे एकतीस रुपयांच्या कार्डांचे. लौजीहून नऊ आले. मुद्र्याहून एकही नाही. का, ते अजून कळलेले नाही. सोळाव्या रोजाला कापड घेऊन आलेल्या दोघींना भाभींनी हात जोडून परत पाठवले. आम्हाला वाईट वाटले, पण त्या म्हणाल्या, “बाजी, शब्द लिहून दिलाय ना.” ईदच्या दुसऱ्या दिवशी भावाचे निम्मे पैसे त्यांनी स्वतः नेऊन दिले.

एप्रिलमध्ये दुसरी फेरी केली, गणवेशांसाठी. जूनमध्ये आपल्याकडचा पाऊस कागद टिकू देत नाही आणि मे महिन्यात माणसे गावाला जातात, म्हणून परीक्षा संपता संपताच. या वेळी छापले शाळेचे कोरे वेळापत्रक, वार आणि तासांच्या रकान्यांचे. ते सगळ्यांच्याच घरी चालते. दहिवलीतल्या एका मराठी शाळेतली चिमुरडी आईबरोबर मापाला आली तेव्हा म्हणाली, “तुमचा कागद आमच्या कपाटावर आहे.”

तुमच्या घरात कोणी मसाले कुटत असेल, नानखटाई भाजत असेल, मेंदी काढत असेल, तर हजार पत्रके छापण्याआधी एका संध्याकाळी बसा आणि दोन प्रश्न विचारा. आपल्या हातून किती काम होईल? आणि लोक आपला कोणता कागद जपून ठेवतील? उत्तरे मिळाली की छपाईवाल्याकडे जा. जाताना वाटेत तो मजकूर कोणाला तरी जाणत्याला दाखवा. आमच्या रद्दीचा गठ्ठा अजून माळ्यावर आहे.