एका साक्षीदाराचा वध

आमच्या नगर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर प्रवरा गोदावरीस मिळते. त्या संगमाजवळचे टोके हे गाव जिल्ह्यातील लोकांस स्नानाचे व देवदर्शनाचे स्थान म्हणून परिचित आहे. परंतु 1948 सालापर्यंत या ठिकाणास आणखी एक महत्त्व होते. येथे आपला मुलूख संपून नदीपलीकडे निजामाचे राज्य सुरू होत असे. अलीकडच्या तीरावर जे वर्तमानपत्र कोणीही ओट्यावर बसून उघडपणे वाचावे, ते पलीकडे नेण्यास मनाई असे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 साली पुण्याहून काढलेल्या ‘मराठवाडा’ पत्राची हीच अवस्था झाली होती. बंदी आली की ते पत्र नवे नाव धारण करी, आणि नव्या नावावरही बंदी येई. नदी तीच, भाषा तीच, माणसेही सोयरसंबंधातली. परंतु सत्य बोलण्याचा अधिकार मात्र नावेत बसताना मागे ठेवून जावा लागे.

त्या राज्यात एका संपादकास आपल्या लेखणीपायी प्राण गमवावे लागले. त्याचे नाव शोएबुल्लाह खान. आपल्या घरांतून हे नाव फारसे घेतले जात नाही, म्हणून प्रस्तुत लेखाचा हा प्रपंच.

शोएबुल्लाह यांचा जन्म 1920 सालचा. वडील निजामाच्या रेल्वे पोलिसात नोकरीस होते. मुलगा उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर झाला. मुसलमान कुळ, उर्दू भाषेवर प्रभुत्व आणि हाती विद्यापीठाची पदवी, एवढ्या सामग्रीवर त्या राज्यात सरकारी चाकरी मिळविणे त्यास अवघड नव्हते. त्याने पत्कर घेतला तो पत्रकाराच्या धंद्याचा. प्रथम ‘तेज’ या पत्रात तो लिहू लागला. ते सरकारने बंद पाडले. पुढे मंदुमुल नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’मध्ये गेला, त्याचीही तीच गत झाली. तेव्हा नोव्हेंबर 1947 मध्ये त्याने स्वतःचेच पत्र काढले व त्यास ‘इमरोज’ असे नाव दिले. इमरोज या फारसी शब्दाचा अर्थ ‘आज’.

तो काळ कसा होता हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हिंदुस्थान स्वतंत्र झाला तरी निजाम भारतात सामील झाला नव्हता. इत्तेहाद-उल-मुसलमीन या संघटनेचे सशस्त्र स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, गावोगाव धुमाकूळ घालीत होते. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा आपल्या लातूर गावीच वकिली करीत असे. रझाकार हे काही पगारी सरकारी शिपाई नव्हते. परंतु त्यांस आवरणारेही सरकारात कोणी नव्हते. मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे सरहद्द ओलांडून नगर, सोलापूर या जिल्ह्यांत आश्रयास येत होती.

अशा समयी ‘इमरोज’ निर्भयपणे लिहीत होता, की रझाकारांचा उपद्रव थांबला पाहिजे, रयतेस जबाबदार राज्यपद्धती मिळाली पाहिजे आणि हैदराबादचे हित भारतात विलीन होण्यातच आहे. ऑगस्ट 1948 मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी, ज्यांत निजामाचे माजी अधिकारीही होते, याच आशयाचे पत्रक काढले. ते ‘इमरोज’ने छापले. त्यानंतर रझवीने जाहीर भाषणात, आमच्याविरुद्ध उठणारे हात तोडले जातील अशी धमकी दिल्याचे नमूद आहे.

दिनांक 21 ऑगस्टच्या रात्री शोएबुल्लाह काचीगुड्यातील कचेरीचे काम आटोपून मेहुण्यासह पायी घरी निघाले होते. वाटेत मारेकऱ्यांनी गाठले, गोळ्या झाडल्या, आणि ज्या हाताने ते लिहीत तो हातही तोडला. मदतीस धावलेल्या मेहुण्यावरही शस्त्र चालले. दुसरे दिवशी, 22 ऑगस्टच्या पहाटे, शोएबुल्लाह निवर्तले. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यानंतर सव्वीस दिवसांनी, 17 सप्टेंबर रोजी, निजामाचे राज्य शरण आले. रझवीस पुढे दीर्घ कारावास घडला तो बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात. 1957 साली सुटल्यावर तो पाकिस्तानात निघून गेला.

येथे कोणी शंका काढील की, हा खून रझाकारांचा. यात सरकारचा दोष तो कोणता? वस्तुतः वृत्तपत्राचा वध एका रात्रीत होत नसतो. त्याच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी जामिनाची. मौलाना आझाद, जे पुढे 1942 ते 1945 या काळात आमच्याच नगरच्या किल्ल्यात बंदी होते, त्यांचे ‘अल्-हिलाल’ पत्र इंग्रजांनी 1914 साली याच उपायाने बंद पाडले. दुसरी पायरी बंदीची. ‘तेज’ व ‘रय्यत’ यांनी ती अनुभवली. तिसरी पायरी भर सभेत दिलेल्या धमकीची. या तीन पायऱ्या सरकारने बांधल्या अथवा बांधू दिल्या, की चौथीवर पाऊल कोणाचे पडले हा प्रश्न न्यायाधीशाचा. जिना कोणाचा हे मात्र सर्वांस दिसत असते. 2 ऑक्टोबर 2018 रोजी सौदी अरबस्तानचे पत्रकार जमाल खशोग्गी यांस इस्तंबूल येथे त्यांच्याच देशाच्या वकिलातीत ठार करण्यात आले. तेव्हाही त्या सरकारने आधी सर्व काही नाकारले, आणि नंतर दोष हाताखालच्या माणसांवर ढकलला. सत्तर वर्षांत रीत पालटली नाही.

संस्कृतात साक्षात् पाहणारा तो साक्षी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदार कोण असावा व खोटी साक्ष देणारास दंड काय, याचा मोठा विस्तार आहे. त्या सर्व विवेचनाच्या मुळाशी एकच गृहीत आहे की, साक्षीवाचून न्याय नाही. शत्रूविरुद्ध साक्ष देण्यास मोठे धैर्य लागते असे नाही. ती तर आपण सर्वच उत्साहाने देतो. शोएबुल्लाह यांनी साक्ष दिली ती आपल्या जातभाईंविरुद्ध, आपल्या राजाच्या दरबाराविरुद्ध. खरी कसोटी ती हीच.

आणि या कसोटीवर आपण कितपत उतरलो, हेही पाहिले पाहिजे. पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात व आसपास मुसलमान वस्तीवर सूडाचे भयंकर अत्याचार झाले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 अखेर तेथे हिंडून अहवाल दिला. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा तिचा अंदाज होता, आणि अधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद व नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या, आणि त्या खऱ्याच होत्या. परंतु ही दुसरी कथा आपल्या घरांत कोणी सांगितली? शोएबुल्लाहचे नाव आदराने घ्यायचे, तर त्यांचे माप आपल्यालाही लावून घ्यावे लागेल.

हे मी वाचकांस उपदेश म्हणून लिहीत नाही. मी शिक्षक असताना शाळेत मुलांचे एक भित्तिपत्रक चालवीत असे. एकदा एका विद्यार्थ्याने त्यात लिहिले की, पिण्याच्या पाण्याची टाकी दोन महिने धुतलेली नाही. मजकूर अक्षरशः खरा होता. वरिष्ठांनी मला बोलावून, पाहुणे यावयाचे आहेत, तेवढा कागद काढा, असे सौम्य शब्दांत सांगितले. मी गेलो व माझ्या हाताने टाचण्या उपटल्या. तो मुलगा जवळच उभा होता. तो काही बोलला नाही. त्यानंतर त्याने भित्तिपत्रकासाठी कधी एक ओळही दिली नाही. कोणी त्याचा हात तोडला नव्हता. परंतु त्या जिन्याची पहिली पायरी त्या दिवशी मी बांधली, हे मला आज उमगते.

चौथ्या पायरीवर मारेकऱ्यास अडविणे आपणां गृहस्थांच्या शक्तीबाहेरचे आहे. पहिल्या पायरीवर मात्र आपण रोजच उभे असतो. घरातील लहानाने वडीलधाऱ्यांची चूक दाखविली, सुनेने न पटलेली गोष्ट बोलून दाखविली, आपल्या आवडत्या पक्षाविरुद्ध एखादे पत्र खरे लिहू लागले, म्हणजे आपण काय करतो? त्यास गप्प बसवितो, की ते खरे आहे काय एवढेच विचारतो?

टोक्याहून पलीकडे जाण्यास आता पूल आहे. वर्तमानपत्र कोणी अडवीत नाही. परंतु सत्याची सरहद्द नकाशावर नसून उंबरठ्यावर असते. ‘इमरोज’ म्हणजे आज. जे बोलावयाचे ते आजच बोलले पाहिजे, एवढी शिकवण त्या नावातच आहे.