बी. ई. झालं, आता एलएल. बी.!



मागच्या महिन्यात संपादक मंडळातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. "दादा, तू सिव्हिल करून लॉला गेलास ना, मग लॉ सीईटीवर काहीतरी लिहून दे. होस्टेलवर तीन-चार जण विचारताहेत." मी म्हटलं, "देतो, पण माझी केटीसुद्धा त्यात येणार." तो म्हणाला, "मग तर सगळेच वाचतील!" म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवातीला 'लॉच का?' या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण आमच्या एच.ओ.डी. सरांपासून मेसच्या काकांपर्यंत प्रत्येकानं तो विचारून झालाय.

आमच्या शेतातून कालवा जाणार होता. मी थर्ड इयरला असताना घरी भूसंपादनाची नोटीस आली. आबांनी ती घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवली आणि फोनवर मला एवढंच म्हणाले, "सरकारी कागद आलाय, परीक्षा झाली की येऊन बघ." मी पीएल, ओरल्स, पेपर सगळं उरकून निवांत घरी गेलो. नोटीस २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या कलम २१ ची होती. ठरलेल्या दिवशी हजर राहून जमिनीतला आपला हिस्सा, भरपाईची मागणी आणि मोजणीवर काही हरकत असेल तर ती मांडा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तो दिवस उलटून अकरा दिवस झाले होते. आणि मोजणीच्या कागदात आमची विहीर आणि बांधावरची आंब्याची झाडं नव्हतीच!

कालव्याचा उतार काढायला सांगितला असता तर मी लेव्हल लावून काढून दिला असता. पण त्या दोन पानी कागदाचं काय करायचं, ते मला कळेना. तालुक्याच्या वकीलसाहेबांनी पुढे निवाड्यानंतर मुदतीत कलम ६४ खाली अर्ज केला. ते प्रकरण अजून चालू आहे. पण त्या दिवशी ते मला जे म्हणाले ते डोक्यातून गेलं नाही. "घरात शिकलेला पोरगा असून कागद महिनाभर पडून राहिला?" होस्टेलला परत आलो आणि नेटकॅफेत न जाता थेट लायब्ररीत गेलो, यावरून काय ते समजा!

इंजिनिअरला दार कुठलं?

पहिला गैरसमज दूर करू. क्लॅट ही मुख्यतः बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सची आणि एलएल. एम. ची परीक्षा. आपण पदवीधर, म्हणून आपला कोर्स तीन वर्षांचा एलएल. बी. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्याचा सीईटी सेल त्याची वेगळी सीईटी घेतो. २०१६ साली ही सीईटी सुरू झाली. त्याआधी पदवीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे. पदवीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. फायनल इयरला असतानाही परीक्षेला बसता येतं. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांनी मात्र पात्रतेचा परिच्छेद दोनदा वाचावा आणि शंका असेल तर सेललाच विचारावं. कट्ट्यावर मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये.

राज्याबाहेर जायचं असेल तर तेही पर्याय आहेत. दिल्ली विद्यापीठाची लॉ फॅकल्टी २०२३ पासून सीयूईटी-पीजीवर प्रवेश देते. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलनं २०२२ मध्ये तीन वर्षांचा कोर्स सुरू केला, त्याची परीक्षा वेगळी आणि त्यात लेखी उत्तरंही लिहावी लागतात. आयआयटी खरगपूरमध्ये तर २००६ पासून बौद्धिक संपदेच्या कायद्यासाठी स्वतंत्र स्कूल आहे, तिथे आपल्यासारखी तांत्रिक शिक्षणाची मंडळीच जातात. प्रत्येकाचा फॉर्म, फी आणि तारीख वेगळी, तेव्हा एका वहीच्या पहिल्या पानावर तक्ता करा. मी तो तक्ता रूमच्या दारावर चिकटवला होता. रूममेटनं त्याखाली मेसचा हिशोब लिहिला, पण तारखा वाचल्या गेल्या हे महत्त्वाचं!

पेपर कसा असतो?

पूर्वी १५० प्रश्न असायचे, २०२४ पासून १२० झाले. वेळ दोन तास. इंग्रजीला ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींना ३२, कायद्याच्या कलचाचणीला २४ आणि तर्कशक्तीला २४. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. चार पर्यायांचे बारा प्रश्न डोळे मिटून ठोकले तरी सरासरी तीन मार्क पदरात पडतात, हे प्रॉबॅबिलिटीत पास झालेल्या कुणालाही पटेल. सीयूईटीला मात्र चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, तिथे ही दानशूरता नको.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९६ पर्सेंटाइल म्हणजे ९६ टक्के मार्क नव्हेत. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी मार्क मिळवणारे १०० पैकी ९६ जण आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणून मॉक टेस्टमध्ये ७५ मार्क पडले की रडायचं नाही आणि ९५ पडले की पार्टी द्यायची नाही.

आपलं कुठे अडतं?

तर्कशक्तीत इंजिनिअर मार खात नाही. बैठक व्यवस्था, नातेसंबंध, मालिका हे सगळं आपण कॅम्पसच्या ॲप्टिट्यूडसाठी करतोच. आपलं अडतं ते वाचण्यात. चार वर्षं आपण पुस्तकात फक्त फॉर्म्युला शोधतो आणि मधला मजकूर ओलांडून जातो. कायद्याच्या प्रश्नात तो मधला मजकूरच सगळं काही असतो.

एक उदाहरण घ्या. तत्त्व असं दिलंय : दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणं म्हणजे चोरी. प्रसंग : पेपरच्या सकाळी घाईत अमित टेबलावरचा कॅल्क्युलेटर आपलाच समजून घेऊन जातो. तो निघतो सुमितचा. सुमितचा पेपर त्यामुळे बुडतो. अमितने चोरी केली का? आमच्या विंगमध्ये हा प्रश्न टाकला तेव्हा सहापैकी चार जण म्हणाले, "केलीच की, बिचाऱ्याचा पेपर गेला!" पण तत्त्वात पेपर बुडण्याचा उल्लेखच नाही. 'अप्रामाणिक हेतू' हा शब्द आहे आणि अमितचा तो हेतू नव्हता. म्हणून चोरी नाही. दया, राग, न्यायबुद्धी बाजूला ठेवून दिलेल्या प्रत्येक अटीला टिकमार्क करत जायचं. डिझाईनमध्ये कोडचे सगळे चेक लावतो ना, अगदी तसंच. एक चेक फेल तर सेक्शन फेल.

सगळे प्रश्न असे नसतात. काही थेट माहितीचे असतात. त्यासाठी राज्यघटना वाचा. मूलभूत हक्क म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५, सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा अनुच्छेद ३२, उच्च न्यायालयाच्या रिटचा २२६, एवढ्यापासून सुरुवात करा. आणि सिनिअरची जुनी गाईडं घेताना सांभाळा! १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्याही जागी नवे कायदे आले. चोरीचं कलम ३७८ पाठ करून बसलात तर कळेल की नव्या संहितेत ते ३०३ आहे. मी पहिल्या वेळी घेतलेलं गाईड दुसऱ्या वेळी रद्दीतच गेलं.

इंग्रजीबद्दल आमच्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांना धास्ती असते. ४० मार्क म्हणजे पेपरचा तिसरा हिस्सा, तेव्हा टाळून चालणार नाही. मी रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून मराठीत तीन ओळींत त्याचा सारांश लिहायचो. पहिल्या महिन्यात तीन ओळींना पाऊण तास लागायचा. तिसऱ्या महिन्यात दहा मिनिटं. सामान्य ज्ञानासाठी रीडिंग रूमचा पेपर आणि महिन्याच्या घडामोडींची एक वही पुरते. फायनल इयरचं प्रोजेक्ट सांभाळून रोज दोन तास, असे साडेचार महिने मी दिले. क्लास लावला नाही. लावला असता तर चुकलं असतं असं नाही, पैसे नव्हते इतकंच.

आता ती केटी

२०२४ साली सीईटी दिली. पर्सेंटाइल ९० च्या वर आलं. विंगमध्ये मला 'वकीलसाहेब' म्हणायला लागले, रात्री अकराला टपरीवर माझ्या खर्चानं चहा झाला. मग शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि एका विषयापुढे नापास! विषय कुठला, तर क्वांटिटी सर्व्हेइंग आणि काँट्रॅक्ट्स. घरच्या जमिनीचं मूल्यांकन चुकलं म्हणून लॉला निघालेला मी मोजमाप आणि करारातच गचकलो. सीईटीच्या नादात त्या विषयाच्या फक्त दोन युनिट केल्या होत्या.

पदवीच नाही तर पात्रता कसली? माझी कॅप तिथेच संपली. पर्सेंटाइलचा कागद पुढच्या वर्षी चालत नाही, सीईटी पुन्हा द्यावी लागते. घरी सांगताना तोंडातून शब्द फुटेना. आबा एवढंच म्हणाले, "मुदत चुकली की काय होतं, ते आता आपल्या दोघांनाही माहीत झालं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

हिवाळी परीक्षेत विषय काढला, एका साईटवर सहा महिने काम केलं, २०२५ ला पुन्हा परीक्षा दिली आणि प्रवेश मिळाला. म्हणून फायनल इयरवाल्यांना हात जोडून सांगणं, आधी बी. ई., मग सीईटी. क्रम चुकवू नका.

कॅपमध्ये दोन ठिकाणी पोरं घसरतात

एक, सीईटीचा फॉर्म आणि कॅपचा फॉर्म वेगवेगळे असतात. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. निकालानंतर पुन्हा नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम. दहावी-बारावीची आणि पदवीची सगळी मार्कशीटं, लिव्हिंग, डोमिसाईल, आणि राखीव जागा असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर, हे सगळं मेसमध्ये फीस्ट ठरवता तितक्या आधी ठरवा. दाखल्यावरची मुदतही बघा, नुसता दाखला आहे यावर खूष होऊ नका.

दोन, पसंतीक्रम. 'मिळणार नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली लिहू नका. यादी वरून खाली तपासली जाते. वरचं मिळालं नाही तर खालच्यावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. मुंबईचं १८५५ चं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये प्राचार्य झाले, किंवा पुण्याचं १९२४ चं आयएलएस, ज्याच्यावरून लॉ कॉलेज रोड ओळखला जातो, ही नावं वर लिहायला काहीही पैसे पडत नाहीत. मात्र यादीत शेवटी असं कॉलेज लिहू नका जिथे मिळालं तरी तुम्ही जाणार नाही. राहण्याचा खर्चही धरा. गावाजवळचं चांगलं अनुदानित कॉलेज कधी कधी लांबच्या नावाजलेल्यापेक्षा परवडतं.

नोकरी करता करता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तासांना ७० टक्के हजेरी लागते. दिवसभराची नोकरी आणि नियमित एलएल. बी. हे गणित प्रामाणिकपणे जुळवणं अवघड आहे. तीन वर्षांनंतर सनद, आणि वकिली चालू ठेवायला ऑल इंडिया बारची परीक्षा. सनदेच्या फीची एक चांगली बातमी. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये ती कायद्यात लिहिल्याप्रमाणे ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं सांगितलं.

ज्यांना फक्त पेटंटच्या कामाची आवड आहे, त्यांनी तीन वर्षं घालवण्याआधी १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १२६ वाचावं. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि वय २१ असेल तर पेटंट एजंटची परीक्षा देता येते, त्याला एलएल. बी. लागत नाही. कोर्टात उभं राहायचं असेल तर मात्र लागते. आपल्याला नक्की काय हवंय हे ठरलं की अर्धा प्रवेश झाला.

बाकी, इंजिनिअरिंगची चार वर्षं वाया गेली का? अजिबात नाही. आमच्या वर्गात मोजणीचा नकाशा आला की मास्तर माझ्याकडेच बघतात.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा शेजारचे तात्या एक कागद घेऊन आले. बँकेचा होता. आबांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आधी तारीख बघ रे." मी बघितली. एकोणीस दिवस शिल्लक होते. मग चहा झाला, आणि आम्ही तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

तुम्हा सगळ्यांना परीक्षेसाठी शुभेच्छा! आणि हो, केटी ठेवू नका.