कलप: घरचा आणि केशकर्तनालयातला

वाराणसीच्या गल्ल्यांत कलपाची पुडी आणून ती घरीच लावणारे असतात, तसे केशकर्तनालयात जाणारेही असतात. काळा रंग मात्र दोन्हीकडे बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन या एकाच द्रव्यामुळे येतो. त्याचे सूक्ष्म रेणू केसात शिरतात आणि ऑक्सिडीकरणाने मोठे व काळे होऊन तेथेच अडकतात. कुशल कारागिराच्या हातून रंग एकसारखा बसतो, हे खरे. परंतु ज्याला हे द्रव्य सोसत नाही, त्याच्या पापण्या सुजतात, टाळूवर फोड येतात. तेथे कौशल्य निरुपयोगी ठरते. पूर्वी सोसले, म्हणून पुढेही सोसेल असे नाही. यास्तव कलप कोठेही लावायचा असो, प्रत्येक वेळी आधी तो कानामागे किंचित लावून ४८ तास वाट पाहावी. ‘काळ्या मेंदी’तही हे द्रव्य असू शकते, निव्वळ मेंदीने केस तांबूस होतात, काळे नव्हे.