घडवलेले चेहरे – लेखांक ६ : वॉर्ड नंबर तीनचे डॉक्टर

गेल्या आठवड्यात आपण सर हॅरल्ड गिलीज यांची ओळख करून घेतली. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उडालेले जबडे आणि नाके त्यांनी पुन्हा उभी केली. आजचे सर्जन त्यांच्याच नात्यातले. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांचा जन्म १९०० साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेत हात बसवून ते लंडनला आले, तर तिथे नोकरीचाच पत्ता नव्हता. गिलीज यांनी त्यांना आपल्या हाताखाली घेतले आणि पोटाचा सर्जन चेहऱ्याकडे वळला.

१९३८ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलाचे प्लास्टिक सर्जरीचे सल्लागार झाले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि त्यांची रवानगी ससेक्समधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड गावी, क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलात झाली. १९४० च्या उन्हाळ्यात तिथे भाजलेले वैमानिक येऊ लागले. ‘हरिकेन’ विमानात पेट्रोलची एक टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात असे आणि दोन पंखांत. टाकी पेटली की ज्वाळा थेट कॉकपिटमध्ये घुसत. हातमोजे किंवा गॉगल काढून ठेवलेला असला, तर काही सेकंदांत तोंड आणि हात होरपळत.

त्या काळी भाजल्यावर टॅनिक अ‍ॅसिड लावण्याची रीत होती. त्याने जखमेवर कडक, काळी खपली धरते. अंगावर ते एक वेळ चालून जाई, पण बोटांवर तीच खपली आवळत जाऊन रक्तपुरवठा तोडी आणि बोटे कायमची वाकडी होत. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा जमिनीवर उतरलेल्यांपेक्षा बऱ्या भरतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. मॅकिंडो यांनी टॅनिक अ‍ॅसिड बंद करायला लावले आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या टबात रुग्णाला बसवायला सुरुवात केली. पट्ट्या न ओढता सुटत, जखम स्वच्छ राही, सांधे हलते राहत.

मग बांधकाम सुरू होई. आधी पापण्या, कारण पापणी मिटली नाही तर डोळा कोरडा पडून दृष्टी जाते. दंडाच्या आतली पातळ कातडी काढून ती तिथे बसवत. नाकासाठी गिलीज यांची नळीची पद्धत. पोटावर किंवा छातीवर कातडीचा पट्टा दोन्ही टोके जागेवर ठेवून सोडवायचा आणि शिवून त्याची नळी करायची. काही आठवड्यांनी एक टोक कापून मनगटाला जोडायचे. तिथे रक्त खेळू लागले की दुसरे टोक सोडवायचे आणि हात चेहऱ्याशी बांधून ते तिथे रुजवायचे. पहिल्या लेखांकात आपण पुण्याजवळचा कावसजी पाहिला. १७९३ साली कपाळाची कातडी मुळाशी जोडलेली ठेवूनच त्याचे नवे नाक केले गेले होते. तत्त्व तेच : जिवंत मूळ तोडण्याची घाई करायची नाही. अशा दहा-वीस शस्त्रक्रिया एकेका रुग्णाच्या वाट्याला येत.

एवढा काळ माणसाने जगायचे कसे, हा प्रश्नही मॅकिंडो यांनी आपलाच मानला. हॉस्पिटलचे निळे कपडे त्यांनी रद्द केले; रुग्ण गणवेशात किंवा घरच्या कपड्यांत वावरत. वॉर्ड नंबर तीनमध्ये बिअरचे पिंप असे. नाकाशी सोंडेसारखी नळी लोंबत असलेल्या तरुणांना ते मुद्दाम गावात पाठवत. त्यापूर्वी गावकऱ्यांना सांगून ठेवत : यांना जेवायला बोलवा, गप्पा मारा, टक लावून पाहू नका. गावाने ते ऐकले. नव्वद दिवसांत बरा न झालेल्या वैमानिकाला सेवामुक्त करण्याचा नियम होता. त्याविरुद्ध ते हवाई दलाशी भांडले. बरे झालेल्यांपैकी काहींनी पुन्हा विमानही चालवले.

जुलै १९४१ मध्ये रुग्णांनी ‘गिनीपिग क्लब’ काढला. नावातच थट्टा, कारण प्रयोग त्यांच्यावरच चालत. खजिनदार नेमला तो पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीस हात भाजलेला, म्हणजे इतिवृत्त लिहिण्याची कटकट नाही. युद्ध संपेपर्यंत सभासद ६४९ झाले. मॅकिंडो यांना १९४७ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. १९६० मध्ये ते गेले.

त्यांच्या शस्त्रक्रियेच्या बऱ्याच युक्त्या आज जुन्या झाल्या. गावाला सांगितलेले मात्र आजही लागू आहे, कारण कातडी सर्जन लावतो, पण माणसांत परत घ्यायचे ते माणसांनीच. आपल्याकडे जळीत कक्षातून घरी आलेल्या कित्येकींना आरसा नव्हे, शेजारपाजारच्या नजरा घरात कोंडतात. तेव्हा भाजलेल्या चेहऱ्याचे कोणी बसमध्ये शेजारी बसले किंवा कामाच्या मुलाखतीला आले, तर मान फिरवू नका आणि टकही लावू नका. इतर कोणाशी बोलाल तसेच बोला.

पुढच्या आठवड्यात : त्वचादान आणि त्वचापेढी.